डब्यातले दादर

(तृतीय वर्ष कला, मराठी विभाग)

‘मड’ हा शब्द वर्गात पहिल्यांदा निघाला तेव्हा आम्हा सर्वांच्या डोळ्यांपुढे चिखलच उभा राहिला. हिंदमाताच्या चौकात गुडघाभर पाण्यातून वाट काढत महाविद्यालय गाठणाऱ्यांना दुसरे काय सुचणार? परंतु प्रस्तुत लेखातला मड निराळा आहे. ‘मल्टी-युजर डंजन’ या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांचा तो शब्द. डंजन म्हणजे भुयार, आणि मल्टी-युजर म्हणजे अनेकांनी एकाच वेळी वापरायचे. अनेक माणसे आपापल्या घरी, आपापल्या यंत्रापुढे बसून एकाच भुयारात एकाच वेळी हिंडतात, बोलतात, भांडतात, एकमेकांना मदत करतात; आणि हे सारे नुसत्या अक्षरांनी. चित्र नाही, संगीत नाही. पडद्यावर ओळी उमटतात, त्या वाचायच्या आणि आपली आज्ञा एका ओळीत लिहायची. बस्स!

वाचकांपैकी बहुतेकांनी असा खेळ पाहिला नसेल, म्हणून एक नमुना देतो. नमुना आमच्याच खेळातला आहे. तो कसा तयार झाला ते पुढे सांगणारच आहे.

दादरचा पूल
तू पुलाच्या मध्यावर उभा आहेस. दोन्ही बाजूंनी माणसे येत आहेत आणि थांबायला कोणालाच वेळ नाही. पश्चिमेकडून झेंडूचा वास येतो. खाली गाडी लागल्याचा आवाज.
वाटा : पूर्व, पश्चिम, खाली.
येथे एक किल्ली पडली आहे.

याखाली एक रिकामी जागा लुकलुकत असते. तेथे ‘किल्ली घे’ असे लिहिले की किल्ली आपल्याजवळ येते. ‘पश्चिम’ लिहिले की आपण जिना उतरून फूलबाजारात जातो. ‘बोल, कोणी आहे का?’ असे लिहिले तर त्या क्षणी पुलावर जे जे असतील त्यांच्या पडद्यावर आपले वाक्य उमटते. मडमध्ये अशा प्रत्येक जागेला ‘खोली’ म्हणतात. मग ती खोली असो, पूल असो की समुद्राचा काठ असो.

आता थोडा इतिहास. विल क्राउदर नावाचा अमेरिकन संगणकतज्ज्ञ गुहा धुंडाळण्याच्या छंदातला होता. केंटकी राज्यातील मॅमथ गुहांचे त्याने नकाशे केले होते. १९७५-७६ च्या सुमारास त्याने त्या गुहेवरून एक शब्दखेळ रचला आणि १९७७ मध्ये स्टॅनफर्डच्या डॉन वुड्सने त्यात भर घातली. हा खेळ एकट्याने खेळायचा. अनेकांनी मिळून खेळायचा खेळ इंग्लंडातील एसेक्स विद्यापीठात निपजला. १९७८ मध्ये रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने तो लिहायला घेतला आणि १९८० मध्ये त्याचा मित्र रिचर्ड बार्टल याने तो पुढे नेला. दोघेही विद्यार्थी होते, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. विद्यापीठाच्या एका मोठ्या संगणकाला अनेक टर्मिनले जोडलेली असत. त्या सर्वांवर एकच जग दाखवता येईल ही कल्पना कोणा कंपनीला सुचली नाही, वसतिगृहातल्या पोरांना सुचली. पुढे १९८९ मध्ये स्वीडनच्या लार्स पेन्श्योने आणि १९९१ मध्ये कोपनहेगन विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागातील विद्यार्थ्यांनी मडचे नवे सांगाडे तयार केले. कोपनहेगनचा सांगाडा ‘डिकू’ या नावाने ओळखला जातो. तो सर्वांना मोकळा ठेवल्यामुळे त्याची शेकडो पिल्ले झाली. त्यांतली काही आजही जिवंत आहेत. टेरी प्रॅचेट या इंग्रज लेखकाच्या कादंबऱ्यांवरून बेतलेले ‘डिस्कवर्ल्ड’ १९९१ पासून चालू आहे आणि ‘आर्डवुल्फ’ १९९६ पासून.

मुंबईपुरते बोलायचे तर आपल्याकडे घरोघरचे इंटरनेट जन्मले तेच अक्षरांच्या रूपाने. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने ही सेवा लोकांना खुली केली. निगमाचे विदेश संचार भवन फोर्टात महात्मा गांधी मार्गावर, म्हणजे गिरगावातून पायी जाण्याच्या अंतरावर. चित्रे दाखवणारे खाते सामान्यांच्या आवाक्याबाहेर होते. विद्यार्थ्यांसाठी जे स्वस्त खाते होते ते ‘शेल’ खाते, नुसत्या अक्षरांचे. काळा पडदा, पांढरी अक्षरे. ज्या खात्यातून ‘टेलनेट’ चाले त्यातून परदेशातला मड गाठता येई. आमच्या चाळीतले एक काका त्या पिढीतले. मोडेम दूरध्वनीला जोडला की घरचा दूरध्वनी तासन्‌तास अडकून राही, आणि मग आजोबांची बोलणी. काकांच्या या हकिगतीत ते खेळापेक्षा बोलण्यांचेच वर्णन अधिक रंगवून करतात. असो.

त्या काळी हे जमत असे याचे कारण हिशेबाने समजते. पडद्यावर ८० अक्षरांच्या २४ ओळी मावतात. म्हणजे भरगच्च पडदा १९२० अक्षरांचा. सेकंदाला ९६०० बिट वाहणारा मोडेम सुमारे ९६० अक्षरे आणतो. दोन सेकंदांत सबंध पडदा! आजच्या चित्रमय खेळाला जेवढी सामग्री एका श्वासाला लागते तेवढीत मड महिनाभर खेळता येईल. म्हणूनच तो अगदी लहान यंत्रावर, अगदी बारीक जोडणीवर चालतो. लोकलमध्ये, जेथे फोनचा संकेत करी रोड ते दादर एवढ्यात तीनदा जातो, तेथे याची किंमत कळते.

यावरून आमच्या यंत्राकडे वळू. लिनक्स ही संगणक चालवणारी मोफत आणि मोकळी प्रणाली. ती खिशात मावेल अशा यंत्रांवर गेली वीस-पंचवीस वर्षे चालते आहे. आपल्या देशात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापकांच्या पुढाकाराने ‘सिम्प्यूटर’ निघाला होता. तो तळहातावर मावे आणि लिनक्सवर चाले. ज्याला वाचता येत नाही त्याला मजकूर भारतीय भाषेत वाचून दाखवावा ही त्यामागची कल्पना. २००४ मध्ये तो बाजारात आला. पण चालला नाही आणि थोड्याच वर्षांत दिसेनासा झाला. त्या कल्पनेची आठवण ठेवावी, ती पुढे कामाला येणार आहे.

आमचे यंत्र घरगुती आहे. ‘रास्पबेरी पाय झीरो २’ ही २०२१ मध्ये निघालेली संगणकाची पट्टी लांबीला साडेसहा सेंटीमीटर आणि रुंदीला तीन. तिला साडेतीन इंची पडदा, बोटभर कळांचा कळफलक, फोनला लावतात तसली एक बॅटरी आणि एक छोटा ध्वनिक्षेपक एवढे जोडले. अभियांत्रिकीला असलेला माझा मामेभाऊ आणि मी लॅमिंग्टन रोडला, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गाला, चार शनिवार घातले. पदपथावरच्या एका दुकानदाराने, ‘कशाला हवे?’ असे विचारल्यावर आम्ही ‘खेळायला’ म्हणालो, तेव्हा त्याने भाव उतरवला की चढवला हे अजून आम्हाला ठरवता आलेले नाही. हे सारे आईच्या पोळ्यांच्या जुन्या प्लॅस्टिकच्या डब्यात बसवले. म्हणून त्याचे नाव ‘डबा’. एकदा भरलेली बॅटरी चार-साडेचार तास पुरते. पडदा रुंदीला ४८० ठिपक्यांचा. एकेक अक्षर ६ ठिपके रुंद घेतले की बरोबर ८० अक्षरांची ओळ बसते. डोळे ताणावे लागतात, पण ओळ मोडत नाही. (ज्यांना एवढा खटाटोप नको त्यांनी अँड्रॉइड फोनवर ‘टर्मक्स’ घालावे. अँड्रॉइडच्या पोटातही लिनक्सच आहे. पण पडद्यावरचा कळफलक अर्धी जागा खातो आणि घरून फोन आला की भुयारातून बाहेर यावे लागते.)

एक सावधगिरीची सूचना येथेच देऊन टाकतो. टेलनेट ही जोडणी जुन्या, भोळ्या काळातली आहे. तीतून जाणारा परवलीचा शब्द उघड्या पोस्टकार्डासारखा जातो. स्थानकावरच्या मोफत वाय-फायवरून (ही सोय जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलला झाली) खेळताना बँकेचा किंवा पत्रपेटीचा परवलीचा शब्द मडसाठी कदापि वापरू नये.

इथवर सर्व ठीक होते. डब्यावरून मी परदेशातले दोन-तीन मड खेळलो, इंग्रजी थोडे सुधारले, आणि हा विषय कदाचित येथेच संपला असता. परंतु वर्गातील माझ्या शेजारच्या बाकावरील मित्राने विचारले, ‘मला खेळता येईल का?’ हा मित्र जन्मापासून दृष्टिहीन आहे.

मुंबईत अंधांच्या शिक्षणाची परंपरा जुनी आहे. दादरची अंध मुलींची शाळा १९०० ची, ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा १९०२ ची. सेंट झेवियर्स महाविद्यालयात दृष्टिहीनांसाठी स्वतंत्र केंद्र २००३ मध्ये निघाले. शिक्षणाची वाट अशी कोणी ना कोणी करून दिली. खेळाची? बुद्धिबळ आहे, घुंगराच्या चेंडूचे क्रिकेट आहे. पण वर्गातील मुले मधल्या सुट्टीत फोनवर जे खेळतात त्यात माझा मित्र बाकावर बसून इतरांचा आरडाओरडा तेवढा ऐकत असे. हे दोन वर्षे माझ्या डोळ्यांदेखत चालले होते आणि मला ते दिसले नव्हते, हे कबूल करायला हवे.

मडच्या बाबतीत मात्र उत्तर सोपे निघाले. पडद्यावर जे येते ते सर्व अक्षरच आहे; अक्षर यंत्राला वाचून दाखवता येते. ‘ई-स्पीक’ नावाची छोटी मोफत आज्ञावली हे काम करते. सर्व्हरकडून येणारी प्रत्येक ओळ आम्ही तिच्याकडे वळवली, कानात इअरफोन घातले, आणि मित्र लालबागहून दादरला येईतो पहिल्या भुयारातून बाहेर पडलेला होता. पुढे कळले की यात नवे काही नाही. जगभरचे दृष्टिहीन लोक मड खेळतात. १९९५ पासून चालू असलेल्या ‘अल्टर इऑन’ या मडमध्ये तर त्यांची संख्या पुष्कळ आहे आणि चालकही त्यांची सोय पाहतात. अडचण येते ती नकाशांची. काही मडमध्ये रेघा आणि ठिपके जुळवून नकाशा काढलेला असतो. डोळसाला तो मदत करतो. ई-स्पीक मात्र ‘डॅश डॅश डॅश प्लस’ असे भटजींनी घाईत मंत्र म्हणावे तसे म्हणत सुटते. ‘टिनटिन’ या मड खेळण्याच्या आज्ञावलीत नको त्या ओळी गाळण्याची सोय आहे. ती वापरून नकाशे गाळले. नकाशाऐवजी मित्र डोक्यात खोल्या मोजतो. आता कोठून कोठे जायचे हे मी त्याला विचारतो. त्याच्या कानातला आवाज इतका भरधाव असतो की मला एक शब्द उमगत नाही.

एके दिवशी त्याने दुसरा प्रश्न विचारला. हे सगळे इंग्रजीत का? मराठीत का नाही?

मराठीत मड आमच्या पाहण्यात नव्हता. तेव्हा स्वतःच करायचे ठरले. मामेभावाने ‘पायथन’ या संगणकभाषेत तीन-चारशे ओळींचा सर्व्हर लिहिला. तत्त्व अवघड नाही. सर्व्हर म्हणजे वाड्याचा मुनीम समजा. कोणती खोली कोणत्या खोलीला लागून आहे, कोणती वस्तू कोठे पडली आहे, कोण कोठे उभा आहे, याची वही त्याच्यापाशी. आपल्या यंत्रात जग नसतेच, फक्त खिडकी असते. मी ‘पश्चिम’ लिहिले की मुनीम माझे नाव पुलाच्या पानावरून खोडून फूलबाजाराच्या पानावर लिहितो, पुलावरच्यांना ‘तो गेला’ आणि फूलबाजारातल्यांना ‘तो आला’ असे कळवतो. हाच सर्व्हर डब्यातच चालवायचा आणि इतरांनी फोनवरून त्याला जोडायचे.

पहिल्या रात्री मी पुलाचे वर्णन मराठीत लिहून यंत्र सुरू केले, तो पडद्यावर नुसते प्रश्नचिन्हांचे ठिपके! एक अक्षर धड नाही. कारण नंतर समजले. लिनक्सचा जो मूळ काळा पडदा असतो तो एका वेळी ५१२ आकृत्यांपेक्षा अधिक ठेवू शकत नाही आणि प्रत्येक चिन्हाला एक सारखा चौकोन देतो. इंग्रजीला हे पुरते. देवनागरीत ‘क’ला ‘ष’ जोडला की ‘क्ष’ असे तिसरेच रूप होते. ‘कि’ उच्चारताना आधी क येतो पण वेलांटी काढायची क च्या आधी. ‘र्‍हस्व’ शब्दातल्या र ची काय गत होते ते सांगायलाच नको. हे जुळवणीचे काम त्या पडद्याला येत नाही. शिवाय संगणकाच्या साठवणीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे. ‘मराठी’ या शब्दात काना-वेलांट्या धरून चिन्हे पाच, म्हणून बाइट पंधरा. काही जुने सर्व्हर तर इंग्रजीपलीकडचे बाइट आले की गाळूनच टाकतात.

मी हिरमुसून डबा बंद करणार तोच मित्र म्हणाला, ‘थांब, चालू दे. झेंडूचा वास येतो म्हणतोय ना? पुढे काय?’

तो ऐकत होता! त्याच्या कानात वर्णन सरळ, स्वच्छ मराठीत चालले होते. यंत्राच्या पोटात मजकूर बरोबरच होता. चुकत होते ते फक्त चित्र काढणे, आणि त्याला चित्राची गरजच नव्हती. ई-स्पीकला मराठी येते. जोडाक्षर कसे दिसते याच्याशी त्याला कर्तव्य नाही, कसे उच्चारायचे तेवढे पुरे. आणखी एक गंमत : ब्रेलमध्ये ‘कि’ लिहिताना आधी क आणि मग इकार येतो, उच्चाराच्या क्रमाने, संगणकही त्याच क्रमाने साठवतो. म्हणजे यंत्राची मांडणी माझ्यापेक्षा त्याच्या ओळखीची होती. त्या रात्री आणि पुढचे जवळजवळ तीन आठवडे, दादरच्या पुलावर माझ्यापुढे काय आहे हे तो मला वाचून दाखवत होता. पडद्याचा मार्ग नंतर सापडला. ‘एमएलटर्म’ नावाच्या टर्मिनलमध्ये देवनागरी बऱ्यापैकी जुळते, ती बसवली. पण ते तीन आठवडे मी डोळे असून त्याच्या खांद्याला धरून चाललो.

यापुढची अडचण यंत्राची नव्हती, व्याकरणाची होती, आणि ती आपल्या विभागाच्या अखत्यारीतली आहे. म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

इंग्रजी मडमध्ये आज्ञेचा पहिला शब्द क्रियापद असतो. मुनीम तेवढाच शब्द प्रथम पाहतो. मराठीत आपण ‘घे किल्ली’ म्हणत नाही, ‘किल्ली घे’ म्हणतो. तेव्हा शेवटचा शब्द आधी पाहायचा. हे एका ओळीत साधले. पण ‘किल्ली पेटीत ठेव’, ‘दिव्याने जिना बघ’, ‘विहिरीतून पाणी काढ’ ही वाक्ये घ्या. मुनीमाच्या वहीत ‘दिवा’ आहे, ‘दिव्या’ नाही. ‘विहीर’ आहे, ‘विहिरी’ नाही. आणि त्याला वाटते, अशी वस्तू येथे नाही! प्रथम वर्षाला ‘सामान्यरूप’ शिकताना हे पाठ करून काय होणार असे मी शेजाऱ्याला म्हणालो होतो. याच शेजाऱ्याला. आता प्रत्येक वस्तूपुढे आम्ही दोन रूपे लिहितो : दिवा-दिव्या, फूल-फुला, विहीर-विहिरी, दगड-दगडा. मग प्रत्ययांची आणि शब्दयोगी अव्ययांची यादी दिली : ला, ने, त, तून, वर, खाली, जवळ. शब्दाच्या शेवटी यांपैकी काही आढळले की ते सोडवायचे आणि उरलेले सामान्यरूप वहीत शोधायचे. ‘रात’ म्हटल्यावर यंत्र ‘रा’ नावाची वस्तू शोधू लागले तेव्हा हसून पुरेवाट झाली. म्हणून आधी पूर्ण शब्द पाहायचा, मगच सोडवायचा, असा नियम केला.

दुसरी मेख क्रियापदाच्या लिंगाची. डिकूच्या सांगाड्यात वाक्यांचे साचे आहेत. अमुक तमुकला ही वस्तू देतो, यातील नावांच्या जागी खुणा असतात आणि ‘ही’, ‘शी’ अशी सर्वनामे तेवढी बदलतात. मराठीत ‘तो देतो’, ‘ती देते’ इथपर्यंत निभावले. भूतकाळ आला आणि साचा मोडला. ‘त्याने फूल दिले’, ‘त्याने किल्ली दिली’, ‘त्याने दगड दिला’. क्रियापद देणाऱ्याकडे पाहतच नाही, दिलेल्या वस्तूकडे पाहते! म्हणजे प्रत्येक वस्तूचे लिंग मुनीमाला ठाऊक हवे. आम्ही आळशीपणाने सगळी वाक्ये वर्तमानकाळात ठेवून पाहिली. पण ‘चोर किल्ली पळवतो’ यात ती चुटपुट नाही जी ‘चोराने किल्ली पळवली’ यात आहे. शेवटी वस्तूंची यादी घेऊन बसलो आणि लिंगे भरली. ‘वेळ’ तो की ती, यावर ग्रंथालयात आवाज चढल्यामुळे आम्हाला बाहेर जावे लागले.

तिसरी अडचण मात्र आम्हाला अजिबात सुचली नव्हती. आमच्या एका सरांना कुतूहल वाटले आणि ते फोनवरून पुलावर आले. यंत्र त्यांना म्हणाले, ‘तू पुलाच्या मध्यावर उभा आहेस.’ वर्ग चिडीचूप. सर मिनिटभर पडद्याकडे पाहत राहिले आणि त्यांनी लिहिले, ‘बोल, आहे बाबा.’ त्या दिवशी घरी जाऊन आम्ही ‘तू’ की ‘तुम्ही’ हे विचारणारा प्रश्न प्रवेशाच्या वेळी घातला. इंग्रजीतल्या ‘यू’ने ज्याचा विचारच करू दिला नाही त्यासाठी आम्हाला सगळी वर्णने पुन्हा लिहावी लागली. मित्राचे म्हणणे असे की आपण एकमेकांना काय म्हणायचे तेही खेळाने ओळखले पाहिजे. सरांना मी ‘सर, किल्ली घ्या’ म्हणणार आणि मला ते ‘घे’ म्हणणार. हे अजून जमलेले नाही.

अशा खेळात नुसते शब्दच असतात, तेव्हा कोणाला काय लागणार, असे कोणी म्हणेल. तसे नाही. झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात १९९० मध्ये पॅव्हेल कर्टिसने सुरू केलेल्या ‘लॅम्डामू’ या मडमध्ये १९९३ साली एका खेळाडूने इतरांच्या पात्रांवर अश्लील अत्याचाराची वाक्ये सर्वांसमक्ष लादली. ज्यांच्यावर ती लादली गेली त्यांना ती खरीखुरी बोचली. त्या प्रसंगानंतर तेथे मतदानाची आणि नियमांची रीत पडली. आमच्या पुलावर आजवर सोळा जण आले आहेत. तिसऱ्याच दिवशी एकाने मित्राच्या डोळ्यांवरून ओळ लिहिली. मुनीमाला ‘बाहेर काढ’ ही आज्ञा त्या संध्याकाळी शिकवली. ती देण्याचा अधिकार एकट्याचा नको, पुलावरच्या तिघांनी दिली तरच ती चालावी, हे मात्र मित्रानेच ठरवले.

दिशांबद्दल दोन शब्द. परदेशी मडमध्ये उत्तर-दक्षिणेवाचून पान हलत नाही. मुंबईकर उत्तर म्हणतो का? आपल्याला पूर्व आणि पश्चिम पक्क्या ठाऊक, त्याही रेल्वेच्या कृपेने. बाकी सगळे ‘दादरकडे’, ‘चर्चगेटकडे’, ‘स्टेशनच्या अंगाला’. म्हणून आमच्या खेळात ‘परळकडे’ लिहिले तरी चालते. नावे बदलतात याचाही बंदोबस्त करावा लागला. एल्फिन्स्टन रोड स्थानक २०१८ मध्ये प्रभादेवी झाले, पण माझी आजी आजही एल्फिन्स्टनलाच उतरते. डिसेंबर २०२३ मध्ये मध्य रेल्वेच्या दादरच्या फलाटांचे क्रमांक बदलून ८ पासून सुरू झाले. मडमध्ये खोलीला पाटीवरच्या नावाखेरीज वहीतला एक गुप्त क्रमांक असतो. वाटा त्या क्रमांकांना जोडलेल्या असतात. पाटी बदलली तरी वाट तुटत नाही. आजीसाठी एल्फिन्स्टन हे नावही चालू ठेवले आहे.

सध्या आमच्या दादरात चौदा खोल्या आहेत. मी लिहिलेल्या खोल्यांत पिवळे दिवे, रंगीत छत्र्या, गर्दीचे डोके असले पुष्कळ काही होते. मित्राने त्या ऐकून विचारले, ‘जिना किती पायऱ्यांचा?’ मला सांगता आले नाही. त्याने लिहिलेल्या पाच खोल्यांत पायऱ्यांची संख्या आहे, कठडा कोठे गार लागतो आणि कोठे गुळगुळीत ते आहे, फलाटावर गाडी येण्याआधी वारा कोणत्या गालाला लागतो ते आहे. वर्गातल्या बहुतेकांना त्याच्याच खोल्या आवडतात आणि मलाही. मंगळवारी व शुक्रवारी मधल्या सुट्टीत डबा ग्रंथालयाबाहेरच्या बाकावर चालू असतो. ज्यांना यायचे असेल त्यांनी फोन आणावा; ‘तू’ की ‘तुम्ही’ ते आधी ठरवून यावे. पूर्वेकडचा, स्वामीनारायण मंदिराकडे उतरणारा जिना अद्याप कोणी लिहिलेला नाही. त्याच्या पायऱ्या मोजून आणायच्या आहेत.